खाँसाहेबी घाटाचा तंबोरा

म्हसवडहून मिरजेला जायचं तर पहाटे उठावं लागतं. दिघंची, आटपाडी, भिवघाट अशी गावं एकामागून एक मागं पडतात. माणदेशाची माळरानं सरतात, डाळिंबाच्या बागा येतात, मग द्राक्षांचे मांडव दिसू लागतात आणि मिरज जवळ आल्याचं कळतं. गेल्या हिवाळ्यात मी आणि माझी नात अशाच एका एसटीत बसलो होतो. मांडीवरच्या पिशवीत, शालीच्या घडीत, तीस हजार रुपये होते. ठेव मोडून आणलेले. नातीला तंबोरा घ्यायचा होता.

पाच वर्षं ती मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर गात होती. तो फुकट असतो, कधी उतरत नाही, खुंटी पिळावी लागत नाही. घरात त्यावरून वाद झालाच. जे फुकट मिळतं त्याला एवढे पैसे कशाला, असा माझ्या पुतण्याचा सवाल होता आणि तो चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण तिच्या गाण्याच्या बाईंनी निक्षून सांगितलं होतं, की आता खरा तंबोरा हवा. तो स्वतः लावायला शिकल्याशिवाय कान तयार व्हायचा नाही.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत पाऊल ठेवलं की लाखेच्या पॉलिशचा आणि लाकडाच्या भुशाचा वास येतो. छताला टांगलेले भोपळे, भिंतीला टेकवलेल्या दांड्या आणि कुठल्या तरी आतल्या खोलीतून येणारी एकाच तारेची छेड. आम्ही ज्या दुकानात शिरलो तिथल्या वयस्कर कारागिरांनी दोन तंबोरे पुढ्यात मांडले. एक साधा, चोवीस हजारांचा. दुसरा त्याहून मोठा, गडद पॉलिशचा, भोपळ्यावर पानांची नक्षी, गळ्याशी नाजूक जडावकाम. त्याची किंमत बावन्न हजार. दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या वाद्यावरून मापं घेऊन तो नव्यानं घडवला होता आणि त्याचं नाव त्यांनी ठेवलं होतं खाँसाहेबी घाट.

त्या नावानं मी अडकले. मिरजेत खाँसाहेब म्हटलं की पुढचं नाव सांगावं लागत नाही. उस्ताद अब्दुल करीम खाँ. आमच्या घरी वडिलांनी जपलेली त्यांची एक तबकडी होती, झिंझोटीतल्या ठुमरीची. फोनोची चावी भरायची, सुई टेकवायची आणि मग खरखरीच्या आतून तो उंच, कातर, धाग्यासारखा स्वर बाहेर यायचा. तीन मिनिटांत सगळं संपायचं. वडील पुढं कितीतरी वेळ काही बोलायचे नाहीत. त्यांच्या नावाचा तंबोरा माझ्या नातीच्या हाती यावा, या कल्पनेनंच मी हरखून गेले. पण पिशवीत तीसच हजार होते आणि बाकीचे बावीस उभे करायचे म्हणजे दुसरी ठेव मोडायची. ती तिच्या कॉलेजसाठी ठेवलेली. कारागिरांना म्हटलं, दोन तास द्या, विचार करून येते.

आम्ही दोघी दर्ग्याकडं चालत गेलो. ख्वाजा मीरासाहेबांच्या त्या दर्ग्याच्या आवारात खाँसाहेबांची कबर आहे. तिथं बसून नातीला मी त्यांची गोष्ट सांगू लागले आणि सांगता सांगता माझाच हिशेब मला उलगडत गेला. तीच गोष्ट इथं सांगते.

उत्तर प्रदेशात कैराना म्हणून गाव आहे. खाँसाहेब तिथं १८७२ साली जन्मले. घराण्याला किराणा हे नाव पडलं ते या गावावरून. घरात गाणं होतं, सारंगी होती, बीन होती. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडं त्यांची तालीम झाली. गाण्याबरोबर त्यांचा हात वाद्यांवरही बसला. सारंगी माणसाच्या गळ्याची सावली असते म्हणतात. खाँसाहेबांच्या गाण्यात मींड, कण आणि स्वराला हलकेच कुरवाळत जाण्याची जी रीत आहे, तिच्यात ही सावली स्पष्ट दिसते.

तरुणपणी ते आणि त्यांचे बंधू अब्दुल हक फिरत फिरत बडोद्याला आले. सयाजीराव गायकवाडांचं राज्य, कलावंतांची कदर करणारा दरबार. दोघा भावांना तिथं आश्रय मिळाला. तिथंच सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडं गाणं शिकू लागली. माने हे आडनाव आम्हा म्हसवडकरांच्या अगदी ओळखीचं, त्यामुळं गोष्टीत ते आलं की आमचे कान टवकारतात. गुरू उत्तरेकडचा मुसलमान गवई, शिष्या मराठा सरदाराची मुलगी. एकोणिसावं शतक संपायला आलं होतं. दोघांनी लग्न करायचं ठरवलं आणि बडोदं सोडलं. दरबाराची नोकरी गेली, मान गेला, पाठीमागचं छत्र गेलं. मुंबई करून १८९८ च्या सुमारास ते मिरजेत आले.

मिरजच का, असा प्रश्न नातीनं विचारला. त्याला उत्तर आहे. मिरज हे तेव्हा पटवर्धनांचं छोटं संस्थान, पण गाण्याच्या नकाशावर मोठं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखे आचार्य इथं शिकवून गेलेले. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडं इथंच शिकले आणि १८९६ मध्ये इथूनच बाहेर पडले. रेल्वेचं जंक्शन असल्यानं दक्षिणेकडं आणि पुण्या-मुंबईकडं जायला सोईचं. शिवाय इथं वाद्यं बनत होती. त्याची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले यांना पाणी देणारे, धार लावणारे लोक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लढाया संपल्या आणि हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही. तेव्हा मिरजेच्या फरीदसाहेब आणि मोहिनुद्दीन या शिकलगार बंधूंनी संस्थानिकांच्या उत्तेजनानं तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. धार लावणाऱ्या हातांनी तार लावायला घेतली. त्यांचेच वंशज पुढं सतारमेकर झाले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागं अशी पावणेदोनशे वर्षांची मेहनत आहे.

ती प्लेगची वर्षं होती. खाँसाहेबांनाही मिरजेत प्लेगनं गाठलं. ते मीरासाहेबांच्या दर्ग्यात आले, तिथं गायले आणि बरे झाले, अशी आठवण मिरजेत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. औषधाचा गुण किती आणि श्रद्धेचा किती, याचा हिशेब आपण करू नये. एवढं खरं, की त्यानंतर त्यांनी मिरज आपलं गाव मानलं आणि उरसात दर्ग्यापुढं गाण्याची सेवा कधी चुकवली नाही. तिथं अजूनही त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. माझ्या वडिलांनी मला लहानपणी या उरसाला आणलं होतं. मी त्यांच्या मांडीवर झोपून गेले होते, पण तंबोऱ्यांचा तो घुमारा झोपेतही ऐकू येत होता, हे आठवतं.

खाँसाहेबांना शिकवण्याची हौस मोठी. पुण्यात १९१३ साली त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढलं. गरीब घरची मुलं त्यात होती आणि त्यांच्या राहण्या-जेवणाचा भार ते स्वतः जलसे करून पेलत. त्यांच्या शिष्यांत कुंदगोळचे रामभाऊ होते, ज्यांना पुढं सवाई गंधर्व म्हणून सारा महाराष्ट्र ओळखू लागला. बेहरेबुवा होते, कपिलेश्वरीबुवा होते, रोशनआरा बेगम होत्या. म्हैसूर दरबाराच्या निमित्तानं त्यांच्या दक्षिणेकडं वाऱ्या होत. त्या वाटेवर हुबळी-धारवाडच्या मुलखात त्यांचे मुक्काम पडत आणि तिथं किराणा घराण्याचं बी रुजलं. कर्नाटक संगीत त्यांनी परकं मानलं नाही. त्यागराजांची एक कृती त्यांनी ध्वनिमुद्रितही केली आहे. त्या काळी उत्तरेच्या एखाद्या उस्तादानं असं करणं ही साधी गोष्ट नव्हती.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. हिंदुस्थानी संगीतातल्या बावीस श्रुतींचं गणित मांडायचा ध्यास त्यांनी घेतला होता. १९१० साली त्यांचं त्यावरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यांना आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या क्लेमंट्स या इंग्रज आय.सी.एस. अधिकाऱ्याला मोजमापासाठी असा गळा हवा होता, जो पुन्हा पुन्हा त्याच जागी अचूक उभा राहील. तो गळा खाँसाहेबांचा. आपला स्वर तारेवर मोजला जातोय याचा कुणा गवयाला संकोच वाटला असता. खाँसाहेब मात्र त्या प्रयोगात आनंदानं सामील झाले. ते निष्कर्ष पुढं सर्वांना पटले असं नाही, पंडित भातखंड्यांशी तर मतभेदच झाले. पण आपल्या कानाची परीक्षा होऊ द्यायला हा माणूस तयार होता, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

टिपू नावाच्या एका कुत्र्याला त्यांनी स्वरात सूर मिळवायला शिकवलं होतं, हा किस्सा तर पुष्कळांनी ऐकला असेल. नातीला तो सांगितल्यावर ती खळखळून हसली. तिला म्हटलं, हसू नकोस, माणसाला सुरात आणणं त्याहून अवघड असतं.

आणि आता जे सांगते, ते आमच्या खरेदीशी अगदी जोडलेलं आहे. खाँसाहेब वाद्यांची दुरुस्ती स्वतः करत. प्रवासात त्यांच्याबरोबर हत्यारांची पेटी असे. तंबोऱ्याची जवारी बिघडली, खुंटी सैल झाली, सांधा सुटला, तर कारागिराची वाट न पाहता ते बैठक मारून कामाला लागत. त्या काळच्या नामवंत गवयांत ही गोष्ट विरळाच. तंबोरा जुळवायला त्यांना वेळ लागला तरी चाले, पण तो जुळल्याशिवाय पहिला षड्ज लागत नसे.

जवारी म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तंबोऱ्याच्या तबलीवर एक रुंद घोडी असते. तारा तिच्यावरून जातात. या घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी बारीक उतार असतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतात. तो नेमक्या जागी बसला, की छेडलेली तार घोडीच्या माथ्याला हलकेच घासत थरथरते आणि एका स्वरातून अनेक स्वर फुलतात. चार तारांमधली एक पंचमाची, दोन जोडीच्या आणि एक खर्जाची. गंधाराची तार तंबोऱ्याला नसते. तरीही चांगल्या जवारीचा तंबोरा नीट जुळला, की खर्जाच्या तारेतून गंधार स्पष्ट ऐकू येतो. हा जो न लावलेला गंधार, तो ऐकू येणं हीच तंबोऱ्याची परीक्षा आणि ऐकणाऱ्याच्या कानाचीही. घोडीच्या माथ्यावर कानशीच्या चार हातांचा फरक पडला तरी तो नाहीसा होतो. तेव्हा खाँसाहेबांच्या पेटीतल्या हत्यारांचं मोल काय, ते लक्षात येईल.

गोष्टीचा दुःखाचा भागही मी नातीपासून लपवला नाही. ताराबाई आणि खाँसाहेब यांना पाच मुलं झाली. पुढं संसार विसकटला. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि त्यांनी मुलांची नावंच बदलली. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले. चंपाकली हिराबाई बडोदेकर झाल्या. गुलाब कमलाबाई आणि सकीना सरस्वती. कृष्णराव होते. वडिलांचं नाव त्यांच्यातल्या एकाच्याही मागं उरलं नाही. ज्यानं आपल्या शिष्यांची पोटच्या पोरांसारखी काळजी घेतली, त्याच्या पोटच्या पोरांनी दुसऱ्याच नावानं जग पाहिलं. त्या माणसाच्या मनात काय झालं असेल, याचा अंदाज त्या ध्वनिमुद्रिका ऐकून ज्यानं त्यानं करावा. आणि एकट्या बाईनं पाच मुलं गाण्यात वाढवली, त्या ताराबाईंची बाजूही विसरू नये.

पण पुढं काय झालं ते पाहा. सुरेशबाबू गाऊ लागले. हिराबाई सुरेशबाबूंकडं आणि अब्दुल वहीद खाँसाहेबांकडं शिकल्या. घरंदाज बाईनं बैठकीत, तिकीट लावून, लोकांसमोर गावं, हे महाराष्ट्राला त्यांनी मानानं स्वीकारायला लावलं. सरस्वतीबाई राणे सिनेमातही गायल्या. यांच्यातल्या कुणाचंही गाणं लावा. नाव माने असो, बडोदेकर असो की राणे असो, स्वर लावण्याची ती रीत, ती आलापाची हळुवार बढत, ती सुरातली आर्तता ऐकल्याबरोबर कळतं की हे पाणी कुठल्या विहिरीचं. नाव गेलं होतं, सूर राहिला होता.

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि मी थांबले. कारण त्याच आवारापासून थोड्या अंतरावर एक तंबोरा माझी वाट पाहत होता, ज्याला नाव होतं आणि त्या नावासाठी मी कॉलेजची ठेव मोडायला निघाले होते.

राहिलेली गोष्ट मी भराभर संपवली. खाँसाहेबांची पहिली ध्वनिमुद्रणं १९०५ च्या सुमारासची. पण आज आपण ऐकतो ती बहुतेक १९३४ नंतरची, ऑडियन कंपनीची. तेव्हा विजेवर चालणारं मुद्रण आलं होतं आणि त्यांच्या आवाजातली बारीक थरथरही तबकडीवर उतरली. त्या तबकड्या पुढं एल.पी.वर निघाल्या, कॅसेटवर निघाल्या, सीडीवर निघाल्या. दरवेळी वेष्टन नवं, किंमत नवी, आतला आवाज तोच. अशीच एक तबकडी ऐकून गदगच्या एका मुलाला गाण्याचं वेड लागलं आणि तो घर सोडून पळाला. पुढं सवाई गंधर्वांकडं शिकून तो भीमसेन जोशी झाला. त्यानं काही खाँसाहेबांचा तंबोरा विकत घेतला नव्हता. त्यानं तीन मिनिटं कान देऊन ऐकलं होतं.

१९३७ च्या ऑक्टोबरात खाँसाहेब मद्रासला गेले होते. तिथून पाँडिचेरीला, अरविंदाश्रमात गायला निघाले. वाटेत गाडीत छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहानशा स्टेशनावर त्यांना उतरवलं. प्लॅटफॉर्मवरच अंथरूण घातलं. अंत जवळ आल्याचं त्यांना उमगलं असावं. त्यांनी तंबोरा जुळवायला लावला आणि दरबारीच्या सुरात अल्लाची प्रार्थना म्हणत डोळे मिटले. तारीख २७ ऑक्टोबर. देह मिरजेला आणला आणि ज्या दर्ग्यात त्यांनी आयुष्यभर सेवा केली, तिथंच त्यांना विसावा मिळाला. परक्या मुलखातलं स्टेशन, रात्रीची वेळ, सोबत मोजकी माणसं. तशा वेळीही आधी तंबोरा जुळला पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता.

नात बराच वेळ गप्प होती. मग ती उठली आणि म्हणाली, की तंबोरे न बघता ऐकूया. मला हे आधी का सुचलं नाही, कोण जाणे.

आम्ही दुकानात परतलो. नात भिंतीकडं तोंड करून बसली. कारागिरांनी दोन्ही तंबोरे एकाच पट्टीत जुळवले आणि आलटून पालटून छेडले. तिनं बोट दाखवलं ते महागड्या तंबोऱ्याकडं. एकदा नाही, तीनदा. मला कबूल केलं पाहिजे, की मी जरा हिरमुसले. नावाचा फुगा फुटेल अशी माझी अपेक्षा होती आणि तंबोरा खराच सरस निघाला होता.

कारागीर गालात हसले. साध्या तंबोऱ्याची जवारी दुकानी आहे, तिच्यावर हात फिरवून मग ऐका, असं त्यांनीच सुचवलं. त्यांनी तारा सैल केल्या, घोडी काढली, कानशीनं अगदी हलके हात मारले, पुन्हा बसवली, ऐकली, पुन्हा काढली. अर्धा-पाऊण तास हे चाललं. शेवटी दोरा सरकवता सरकवता एका जागी तो साधा तंबोरा एकदम बोलू लागला. मघाशी मुका असलेला गंधार खर्जातून वर आला. नातीनं मान वळवून पाहिलं. पुन्हा परीक्षा झाली. आता दोघांतलं अंतर निम्म्याहून कमी झालं होतं. पण अंतर होतं. मोठ्या तंबोऱ्याची आस जास्त वेळ टिकत होती, आवाजाला खोली होती.

मग मी सरळ विचारलं, की उरलेला फरक कशाचा? आणि बावन्न हजारांत कशाकशाचे किती? असा प्रश्न विचारू नये असं आपल्याला वाटतं, पण त्या भल्या माणसानं आडपडदा ठेवला नाही. भोपळा जाड सालीचा, मोठ्या घेराचा होता. असे भोपळे शेकड्यांत थोडे निघतात. लाकूड तुणीचं, पुष्कळ वर्षं मुरलेलं. या दोन गोष्टींनी आवाज येतो. नक्षी, जडाव आणि ते खोल पॉलिश यांत कित्येक आठवड्यांची मेहनत गेलेली, किंमतीतला मोठा वाटा तिचा. तिनं तंबोरा देखणा होतो, आवाजात भर पडत नाही. ती किंमत लुबाडणूक नव्हती. ज्या हातांनी ते काम केलं त्यांचा तो मेहनताना होता आणि असे हात दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत. पण मला तो परवडत नव्हता.

आणखी एक गोष्ट नातीच्या लक्षात आली. मोठा तंबोरा मर्दानी मापाचा होता. खालच्या पट्टीत तो घुमत होता. तिची पट्टी काळी चार. तिथपर्यंत चढवला, की तारा ओढल्यासारख्या होत आणि आवाजातला मोकळेपणा जाई. मला गंमत वाटली. खुद्द खाँसाहेबांचा आवाजही उंच आणि पातळ, भरदार खर्जाचा नव्हेच. त्यांचं नाव घेऊन घडवलेलं वाद्य शोभत होतं एखाद्या खालच्या पट्टीतल्या भारदस्त गळ्याला. तंबोरा गळ्याच्या मापानं घ्यायचा असतो, नावाच्या नाही, हे इतकं साधं.

शेवटी ठरलं ते असं. जाड सालीचा भोपळा, मुरलेलं लाकूड, माप जनानी, काळी चारला जुळणारं. नक्षी नाही, जडाव नाही, पॉलिश साधं. जवारी नातीला समोर बसवून, तिचा आवाज ऐकत काढायची. पस्तीस हजार. चार महिने थांबायचं. पिशवीतल्या तिसातले दहा हजार आगाऊ दिले. वरचे पाच हजार दिवाळीपर्यंत साठवता येण्यासारखे होते. कॉलेजची ठेव वाचली.

कुणाला तंबोरा घ्यायचा असेल तर आमच्या अनुभवावरून चार गोष्टी सांगते. भोपळ्याला रंगाखाली चीर नाही ना, ते उजेडात धरून पाहावं. दांडी सरळ आहे का, खुंट्या घसरतात का, हे तपासावं. जुळवलेला तंबोरा अर्धा तास तसाच ठेवून पुन्हा छेडावा, तो किती उतरला ते कळतं. आणि पाठ फिरवून ऐकावं. आपल्या गाणाऱ्या माणसाच्या पट्टीत ऐकावं, दुकानदाराच्या नव्हे.

निघताना त्या कारागिरांनी एक कच्चा भोपळा दाखवला. कडू जातीचा, म्हणून कीड लागत नाही. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडं, भीमेच्या काठच्या शेतांत पिकतात. ऐकून मी चमकले. आमच्या म्हसवडची माणगंगा वर्षातले पुष्कळ महिने कोरडी असते. पाणी येतं तेव्हा ते सांगोला, मंगळवेढा करत भीमेलाच जाऊन मिळतं. आमच्या सिद्धनाथाच्या गावावरून गेलेलं पाणी असं फिरून भोपळ्यात शिरत असेल आणि तंबोरा होऊन घरी परत येत असेल, तर त्या वाद्यावर आमचाही थोडा हक्क आहे म्हणायचा.

चार महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो. दिवसभर जवारीचं काम चाललं, नात मधून मधून षड्ज लावून दाखवत होती. संध्याकाळच्या गाडीत तंबोरा चादरीत गुंडाळून दोघींच्या मध्ये उभा धरला. कंडक्टरनं त्याचं तिकीट मागितलं नाही.

आता पहाटे पाचला घरात तारा जुळू लागतात. सुरुवातीला तिला पाऊण तास लागायचा. तेवढ्यात माझा चहा होऊन जायचा, पुतण्याची आंघोळ व्हायची, तरी जोडीच्या तारा एकमेकींत मिसळलेल्या नसत. पुतण्या हसायचा. आता वीस मिनिटं लागतात. परवा ती जुळवता जुळवता एकदम थांबली आणि मला हाक मारली. खर्जाची तार छेडून म्हणाली, आजी, ऐक. मी कान दिला. खूप आत, तारेच्या पोटात, कुणीही न लावलेला गंधार होता. फोनोची सुई उचलल्यानंतर वडील जसे गप्प बसायचे, तशा आम्ही दोघी गप्प बसून राहिलो.